जेलीचे भाऊबंद

गौरीगणपती पाण्यात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर एक जेलीफिश पडलेली दिसली. काकूच्या परातीएवढी असेल. रंग दुधी, कडेला तपकिरी झाक, आणि आदल्या रात्रीच्या निर्माल्यातला एक झेंडू अंगाला चिकटलेला. सोहम धावत गेला आणि हातभर अंतरावर गपकन थांबला.

"आत्या, ही जिवंत आहे का?"

सोहम माझ्या चुलतभावाचा मुलगा, डोंबिवलीला सातवीत आहे. मी बावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणजे असल्याच प्रश्नांच्या उत्तरांचा पगार घेते. मी वाकून बघितलं. श्वास बघावा तर हिला फुप्फुसं नाहीत, कल्लेही नाहीत. नाडी बघावी तर हृदय नाही, रक्तच नाही. मेंदू नाही, त्यामुळे शुद्धीत आहे की बेशुद्ध, हा प्रश्नही निकालात. "सांगता येत नाही," म्हटलं. त्यावर त्याने जसं बघितलं ते बघणं माझ्या ओळखीचं आहे. पहिल्या बाकावरची मुलं असं बघतात.

झावळीच्या देठाने तिला उलटी केली. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघाली. खाली आठ जाडजूड हात, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कुरळे. सोहमला चित्रातल्यासारखे लांब धागे हवे होते, पण या जातीच्या छत्रीला कडेने धागे नसतात. एक मोठं तोंडही नसतं. त्या कुरळ्या हातांवर शेकडो बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून पाण्यातले सूक्ष्म जीव आत घेतले जातात. बाकीच्या बऱ्याच जेलींना मधोमध एकच तोंड असतं. अन्न आत जातं तिथूनच उरलेलं बाहेर. आमच्या घराला पुढचं दार आहे, मागचं आहे आणि भावाभावांत वाजलं तर गुपचूप सटकायला गोठ्याकडचं तिसरं आहे. या बाईचा सगळा संसार एका दारावर.

शहाळ्यातली कोवळी मलई चमच्यावर घेतली की जशी थरथरते, तसा तिचा गर हलत होता. शरीर म्हणावं तर पेशींचे दोन पापुद्रे, बाहेरचा आणि आतला, आणि दोन्हींच्या मध्ये हा गर. अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी. गर नुसता भरताड नाही बरं का. छत्री मिटायला स्नायू लागतात, पण उघडायला लागत नाहीत. दाबलेला गर स्प्रिंगसारखा पूर्ववत होतो आणि छत्री आपोआप उघडते. अर्धं काम फुकटात.

मग मी सोहमला छत्रीच्या कडेवरच्या खाचा मोजायला लावल्या. आठ भरल्या. एकेका खाचेत मोहरीहून बारीक ठिपका असतो आणि त्यात खनिजाचे कण. अंग कलंडलं की कण सरकतात, त्यावरून वर कुठे आणि खाली कुठे ते कळतं. छत्रीची उघडझाप कोणत्या लयीत करायची तेही याच ठिपक्यांमधून ठरतं. मेंदू एका जागी नाही, पण चेतापेशींचं जाळं अंगभर पसरलेलं आहे. पेटीसारख्या चौकोनी जेलीफिश असतात त्यांची तर कमाल. त्यांना चोवीस डोळे, आणि त्यांतल्या काहींना चक्क भिंग. कॅरिबियन समुद्रातल्या अशाच एका नखाएवढ्या जातीवर २०२३ साली प्रयोग प्रसिद्ध झाला. टाकीच्या भिंतीवर दोनचारदा आपटल्यावर ती जेली भिंत टाळायला शिकली. सेमिस्टरच्या शेवटी पेपर तपासताना मला तिची हटकून आठवण येते.

"हात लावू?" सोहमने विचारलं. "नको," मी इतक्या जोरात म्हटलं की तो दचकला.

त्याला कारण आहे. मी दहा वर्षांची होते. गावात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लागली की दोराला हात लावणाऱ्या पोरांच्या पदरातही मूठभर पेडवे मासे पडायचे, त्या लोभाने मी ओढायला गेले होते. दोर ओढता ओढता मनगटाभोवती काहीतरी बुळबुळीत गुंडाळलं गेलं. दिसत काहीच नव्हतं. मग ओल्या कातडीवरून कोणी पेटती उदबत्ती सावकाश ओढत न्यावी, तसं झालं. शेजारचा म्हातारा रापणकर शांतपणे म्हणाला, "गो बाय, डोळ्याक तेवढो हात लावू नको हां." एवढंच. तो ओढत राहिला.

काकूने मला विहिरीवर नेलं, हातावर दोन कळश्या ओतल्या, कोरड्या वाळूने खसाखसा चोळलं आणि वर आमसुलाचं पाणी लावलं. अंगावर पित्त उठलं की लावतात तसं. आमसुलाचं सोडून देऊ. आधीचे दोन्ही उपाय मात्र असे होते की मुद्दाम छळायचं ठरवलं असतं तरी याहून चांगले सुचले नसते. मनगटावर चाबकाच्या फटक्यासारखे वळ उठले, ते गणपतीपासून दिवाळीपर्यंत दिसत होते.

काय घडलं ते मला नऊदहा वर्षांनी, बी.एस्सी.च्या वर्गात कळलं. कळलं तेव्हा काकूचा राग येण्याऐवजी त्या यंत्राचं कौतुक वाटलं. जेलीच्या धाग्यांवर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येकीच्या पोटात एक बंद कुपी, एवढी बारीक की हजारभर ओळीने मांडल्या तर जेमतेम सेंटीमीटर व्हावा. कुपीत पोकळ धाग्याचं वेटोळं, तेही आतबाहेर उलटं केलेलं, पायमोजा काढताना उलटा होतो तसं. आतला दाब वातावरणाच्या दीडशेपट. आपल्या गाडीच्या चाकात दोन-सव्वादोनपट असतो. बाहेरून स्पर्श झाला आणि समोरचं भक्ष्य आहे अशी रासायनिक खूण पटली की झाकण उडतं, धागा सुलटा होत बाहेर झेपावतो, कातडीत रुततो आणि विष सोडतो. जलव्यालात, म्हणजे हायड्रात, हा वेग मोजला गेला आहे. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या एका भागाहूनही कमी वेळात टोक निघून पोचतं. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक, आणि ती करणाऱ्याला मेंदूच नाही.

कुपी एकदा उडाली की संपली, तिच्या जागी नवी दंशपेशी तयार होते. मनगटाला चिकटलेल्या तुकड्यावर उडालेल्या थोड्या आणि भरलेल्या पुष्कळ असतात. काकूने गोडं पाणी ओतलं, खारटपणा एकदम बदलला आणि उरलेल्यांतल्या कित्येक उडाल्या. वाळूने चोळल्यावर आणखी उडाल्या. धुवायचं असेल तर समुद्राच्याच पाण्याने. चिकटलेले धागे चिमट्याने उचलायचे, चोळायचं नाही. मग सोसवेल इतक्या, ४५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की बऱ्याच जणांना आराम पडतो. श्वास लागला, चक्कर आली, तर हे सगळं सोडून थेट दवाखाना. लघवीचा उपाय सुचवणारा एक मामा प्रत्येक सहलीत असतो. त्याचं ऐकू नये.

कुपीला उडण्यासाठी मालकीण जिवंत असण्याचीही गरज नसते. वाळूवर मेलेली, अर्धी वाळलेली जेलीही डसते. जिवंत की मेलेली, या सोहमच्या प्रश्नाला हातापुरता तरी अर्थ नव्हता.

आणि तो रापणकर? त्याला काही कसं होत नसे? गावात समज असा की एकदा लागली की अंग सरावतं. त्याच्या तळहाताची कातडी माडाच्या सालीसारखी झाली होती, खरं कारण तेवढंच असावं. 'सरावतं' हा समज किती महागात पडू शकतो ते एका वेगळ्याच किनाऱ्यावरून सुरू झालेल्या गोष्टीत कळतं. १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर फायसेलिया या जेलीसारख्या दिसणाऱ्या डसखोर समुद्रजीवाचं विष गोळा करत होते. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून तिच्याच भाऊबंदांपैकी समुद्रफुलाचं, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या फुलासारख्या प्राण्याचं, विष घेतलं. विचार असा की कुत्र्याला थोडं थोडं टोचलं तर तो सरावेल. पहिल्या मात्रेतून वाचलेल्या धडधाकट कुत्र्याला तीनेक आठवड्यांनी अगदी थोडं विष पुन्हा टोचलं आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीर सरावण्याऐवजी जास्तच बिथरलं होतं. या प्रकाराला त्यांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं, आणि १९१३ चं नोबेल रिशेला मिळालं. शेंगदाणा, पेनिसिलिन किंवा गांधीलमाशीने कोणाचा जीव जातो तेव्हा डॉक्टर जो शब्द लिहितात, तो असा समुद्रातून आलेला आहे.

'भाऊबंद' हा शब्द वर सहज लिहून गेले, पण कोकणात तो सहज लिहायचा शब्द नाही. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की तलाठ्यालाही दम लागतो. त्या मानाने जेलीचं कूळ सोपं. दहा हजारांवर जाती, पण कुळाची खूण एकच: दंशपेशी. ती असली की घरातला, नसली की नाही.

दुपारच्या ओहोटीला सोहमला घेऊन मी खडपावर गेले, कारण एक शाखा तिथेच राहते. खडकातल्या डबक्यात पाण्याखाली बोटाच्या पेराएवढं समुद्रफूल होतं. पाकळ्या वाटतात ती शुंडकं, आणि मधोमध तोंड. शिंपीचा तुकडा अलगद टेकवला तर सगळं आत घेऊन त्याने स्वतःची एक ओशट गोळी करून टाकली. जेली उलटी करून खडकाला चिकटवा, साधारण समुद्रफूल होतं. ही शाखा घरकोंबडी आहे. तिच्यात छत्री धरून बाहेर पडणारं कोणी जन्मालाच येत नाही. प्रवाळही याच शाखेतलं. फक्त त्याला घर बांधायची हौस. स्वतःखाली चुन्याचा सांगाडा घालत राहतं आणि पोटात सूक्ष्म शैवालाचं कूळ ठेवतं. कूळ ऊन खाऊन साखर करतं, मालक जागा देतो. कूळकायदा इथे अजून लागू झालेला नाही. असं प्रवाळ मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे, जिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गासमोर शंभराहून जास्त किलोमीटर आत, आंग्रे बँक नावाच्या बुडालेल्या पठारावरही आहे. कान्होजींच्या नावाचं पठार, आणि वर वस्ती बिनमेंदूच्या, बिनहाडाच्या बांधकाम कामगारांची.

दुसरी शाखा गोड्या पाण्यात गेली. जलव्याल तळ्यातल्या पाणवनस्पतींना लटकलेला असतो, जेमतेम सेंटीमीटरभर. १७४० च्या सुमाराला हॉलंडमध्ये दोन मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या अब्राहम ट्रॅम्ब्ली नावाच्या गृहस्थाला प्रश्न पडला, ही वनस्पती की प्राणी? त्याने ती कापून बघितली. दोन तुकड्यांचे दोन पूर्ण जलव्याल झाले. मग आणखी बारीक कापले, तेवढे सगळे झाले. शिकवणीतल्या मुलांच्या प्रश्नांनी भल्याभल्यांना कामाला लावलेलं आहे, एवढं मी सोहमकडे न बघता मनात म्हटलं.

तिसरी शाखा मला सगळ्यांत आवडते. पावसाळ्यात पुळणीवर निळी नाणी पडलेली दिसतात, दोन रुपयांच्या नाण्याएवढी, कडेने निळी झालर. ते पोर्पिटा. तिची डसखोर बहीण म्हणजे फायसेलिया, निळाजांभळा फुगा आणि खाली कित्येक मीटर लोंबणारे धागे. पावसाळ्यात ती मुंबईच्या चौपाट्यांवरही येते आणि बातमीत तिला हमखास जेलीफिश म्हणतात. ती जेलीफिश नाही. तो एक प्राणीही नाही. एका अंड्यातून निघालेल्या अनेकांचं ते एकत्र कुटुंब आहे. एक जण फुगा झालेला, काही शिकार करणारे, काही पचवणारे, काही फक्त वंश वाढवणारे. पचवणाऱ्याला शिकार येत नाही, शिकाऱ्याला पचवता येत नाही. या घराची वाटणी करायला कोर्टात गेलं तर सगळेच मरतील. आमच्या घरात निदान प्रत्येकाला स्वतंत्र चूल तरी मांडता आली.

एक तोतयाही आहे, कॉम्ब जेली. रापणीत कधी कधी काचेच्या गोटीसारखा गोळा येतो, अंगावर केसाळ कंगव्यांच्या आठ उभ्या ओळी, आणि उजेडात त्यांवरून इंद्रधनुष्य पळतं. मीही विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षं 'जेलीसारखाच' म्हणून दाखवला. पण त्याच्याकडे दंशपेशी नाहीत, चिकट पेशी आहेत. भक्ष्य टोचत नाही, डिंकासारखं चिकटवतो. २०२३ मध्ये गुणसूत्रांची जुळवाजुळव करून निष्कर्ष आला की उरलेल्या सगळ्या प्राण्यांच्या वंशापासून आधी वेगळी झालेली फांदी हीच असावी. म्हणजे आडनाव सारखं दिसतं, गोत्राचा पत्ता नाही. जेलीला तो जेवढा लांबचा, तेवढाच मला आणि तुम्हाला.

संध्याकाळी काकू चुलीवर घावणे घालत होती. सोहम पाटावर बसून खात होता आणि मी त्याला जेलीचं पोर कसं होतं ते सांगत होते. छत्रीवाल्या जेलींमध्ये नर-मादी वेगळे. अंड्यातून केसाळ, तिळाहून बारीक पिल्लू निघतं, ते पोहत जाऊन खडकाला, शिंपीला, जेट्टीच्या खांबाला चिकटतं आणि त्याचा पॉलिप होतो, दोनतीन मिलिमीटरचा, समुद्रफुलाच्या नातवासारखा. तो तिथेच राहतो. खातो, शेजारी आपल्यासारखेच आणखी पॉलिप काढतो, वर्षानुवर्षं टिकू शकतो. मग हंगाम आला, पाण्याचं तापमान बदललं की त्याला आडवे काप पडू लागतात आणि अंगाची बशांसारखी चळत होते. मिखाएल सार्स या नॉर्वेच्या पाद्र्याने १८२९ मध्ये साधा पॉलिप आणि चळतवाला पॉलिप यांना दोन निराळे प्राणी समजून दोन नावं दिली. पुढे त्यालाच कळलं की दोन्ही एकच, आणि चळतीतून सुटणारी प्रत्येक बशी म्हणजे जेलीफिशचं पोर.

"घावण्यांसारखं," सोहम म्हणाला आणि चवडीवरचा वरचा घावणा उचलला.

अगदी तसंच. वरचा सुटतो, मग त्याखालचा. आठ पाकळ्यांची चांदणी होऊन पाण्यात जातो, छत्री वाढवतो, मिरवतो, बहुतेकदा वर्षभरात संपतो. आपण ज्याला जेलीफिश म्हणतो ते हे बाहेर पडलेलं पोर. घरी राहिलेल्याकडे कोणी बघतही नाही. कित्येक जातींचे पॉलिप निसर्गात अजून कोणाला सापडलेलेही नाहीत.

काकूला चार मुलं. थोरला १९८६ च्या जूनमध्ये लाल एसटीने गेला. मग दर दोनतीन वर्षांनी एकेक. धाकटा, म्हणजे सोहमचा बाप, शेवटी. गणपतीला सगळे येतात. अंगणात गाड्या लागतात, गाव भरतं, पेपरात चाकरमान्यांचे फोटो येतात. अकरा महिने त्या घरात दिवा लावणाऱ्या बाईचा फोटो कोणत्या पेपरात यायचा. हे मी मोठ्याने बोलले नाही. बोलले असते तर काकू म्हणाली असती, "माझो फोटो कित्याक व्हयो?", आणि पुढचा घावणा घातला असता.

दुसऱ्या दिवशी पुळणीवर जेली नव्हती. होती तिथे पापुद्रा होता, पारदर्शक कागद ओला होऊन वाळावा तसा, आणि त्यावर मिठाची बारीक रेघ. झेंडू मात्र जसाच्या तसा.

सोहमच्या डोक्यात पॉलिप बसला होता. तो एकटाच खडपावर जाऊन कालवाची एक मोठी शिंपी घेऊन आला आणि ती काचेच्या ग्लासात समुद्राच्या पाण्यात ठेवून माझं भिंग घेऊन बसला. दीड तास. शिंपीवर चुनखडीच्या नळीत राहणारा एक किडा होता, दोन बार्नकल होते, आणि एका कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. त्याने डोक्यावरचा केस उपटून ठिपक्याला लावला.

"आत्या! आवळला!"

मी बघितलं. आवळला होता खरा. पॉलिप असेल. समुद्रफुलाचं पिल्लू असेल. याला डझनभर उत्तरं आहेत आणि माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. एवढ्यात काकू आली. तिला ग्लास हवा होता, काकांच्या औषधाचा.

"ह्या काय रे?"

"आजी, जेलीचं घर. बहुतेक."

काकूने चष्मा नाकावर घेऊन पाण्यात बघितलं. तिला काय दिसलं देव जाणे.

"मगे तेका हयसर कित्याक ठेवलंस? भरती लागली. जा, खडपार ठेवून ये."

आम्ही दोघं निघालो. पोचेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि सगळे खडक सारखेच दिसत होते. शिंपी नेमकी कुठून उचलली ते सोहमला आठवेना.